पोकळ खोडाचा वाडगा

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरी सुखरूप पोचलो. एक गोष्ट तुला न विचारता केली, ती आधी सांगून टाकतो. तुमच्या दारातलं जे झाड भाऊजींच्या अंगावर पडलं, त्याचं खोड रस्ता मोकळा करणारे लोक सरपणाला नेणार होते. मी ते टेम्पोत घालून इथे आणलं. पडलेल्या झाडांचे वाडगे कातण्यात माझा जन्म गेला, राहवलं नाही. तडे जाऊ नयेत म्हणून टोकांना मेण फासून ठेवलंय. ही म्हणते, माझं डोकं ठिकाणावर नाही. तू हो म्हटल्याशिवाय ते लेथवर चढवणार नाही.

दोन घास खात जा. सासूबाईंना नमस्कार. रागावलीस तरी लोभ असू दे.

तुझा,
धाकटा

१३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, दोनदा वाचावं लागलं. ते खोड जाळून टाक. फांद्या छाटून घ्या म्हणून मी वर्षभर ह्यांच्या कानीकपाळी ओरडत होते. हे म्हणायचे, बघू रविवारी. मला ह्यांचा इतका राग येतो की धड रडूही येत नाही. भेटायला येणाऱ्यांना हे सांगता येत नाही, म्हणून तुला लिहिते.

सासूबाईंनी तुझं पत्र वाचून दाखवायला लावलं. ऐकून म्हणाल्या, लहानपणी जेवायची हाक मारली की तो त्याच झाडावर चढून बसायचा, मला त्याचा एक वाडगा हवा. मी नको म्हटलं. तर म्हणाल्या, माझ्या खोलीत ठेवीन, तू बघू नकोस. त्यांचाही मुलगा गेलाय, मी काय बोलणार? त्यांच्यापुरता एक कर. बाकीचं जाळ.

माया आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई

६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाडगा सोबत पाठवतोय. लाकूड ओलं होतं, सुकताना वाकडं झालं, त्यामुळे जरा डगमगतो. दुसरा केला असता, पण चांगलं लाकूड तेवढंच निघालं.

बुंधा पोकळ असल्याचं मला त्या दिवशीच दिसलं होतं. त्या गर्दीत तुला सांगवेना. आता कापल्यावर कळलं, कूज पार वरपर्यंत चढली होती. कोपरापर्यंत हात आत गेला आणि मूठभर काळा भुगा बाहेर आला. बाहेरून हिरवंगार, कोणाला कळणार? ताई, फांद्या छाटल्या असत्या तरी ते पडणारच होतं. तू भाऊजींवर रागावून बसलीस ते बघवत नाही, म्हणून लिहितो.

चार दिवस ये. माझ्याबद्दलच्या तक्रारी ऐकवायला हिला कोणीतरी हवंच आहे.

आठवण ठेव, आम्ही काढतोच.

तुझा,
धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

वाडगा पोचला. सासूबाई त्यात चष्मा आणि गोळ्या ठेवतात. डगमगतो म्हणून खाली कागद घालू का विचारलं, तर असू दे म्हणाल्या.

तू लिहिलंस ते खरंच असणार. मला हलकं वाटावं, असं तुझ्या मनात असेल. पण इतके दिवस मी मनातल्या मनात ह्यांच्याशी भांडत तरी होते. आता रागावायलाही कोणी उरलं नाही. परवा स्वयंपाकघरात एकदम रडू फुटलं. सासूबाई शेजारी येऊन बसल्या.

इतक्यात येणार नाही, त्या एकट्या पडतील. तू पत्रात खंड पाडू नकोस.

आज दुपारी त्यांची खोली झाडताना वाडगा उचलला, तर गरम लागला. झाड नाही, त्यामुळे ऊन आता थेट त्यांच्या टेबलावर येतं. थोडा वेळ तसाच हातात धरून उभी राहिले. मग होता तिथे, उन्हातच ठेवला.

तुझी,
ताई