शेवंता मुकी नाही

६ ऑगस्ट १९७३
बालवाडीत शेवंता आली. रुक्मिणीची पोर, तीन वर्षांची. आजीनं दारातच सांगून टाकलं, "मुकी हाय बाई. बसू द्या कोपऱ्यात." डोकंच फिरलं माझं. कोपऱ्यात ठेवायला पोर म्हणजे काय पोतं आहे?

९ ऑगस्ट
मुकी कसली! गाणं म्हणताना माझ्या तोंडाकडं टक लावून बघते. मी पाठ फिरवली की बावरते. थाळी आपटली तर मात्र दचकली. ऐकू येतं, पण थोडं. कानात शिरलंच नाही ते तोंडातून कसं येणार?
रुक्मिण म्हणाली, "पयलं आई म्हनायची की. दुष्काळात खडी फोडायला गेलो, तवापासून गप झाली."

१४ ऑगस्ट
आजी हटून बसली. "देवीला नवस बोललेय. बालवाडी बंद." भांड भांड भांडले. शेवटी आजी म्हणाली, "एकडाव दावा उमरग्याच्या डाक्टरला. गुण न्हाय आला तर पोरगी घरीच ऱ्हाईल."

१७ ऑगस्ट
उमरगा. डॉक्टरांनी दोन्ही कानांतून काढलं काय, तर कापूस! तेलकट, मळानं दगड झालेला. खडीची धूळ, घणाचे आवाज लागू नयेत म्हणून कामावरच्या सगळ्याच बाया लेकरांच्या कानात बोळे घालायच्या. हिचे आतच राहिले, वर नवे बसले. रुक्मिण रडायला लागली. म्हटलं, रडता काय, नाचा!
बाहेर ट्रकनं भोंगा दिला. पोर किंचाळली. लगेच रुक्मिणीनं पिशवीतून कापूस काढला! मी हिसकावून फेकला.

२९ ऑगस्ट
शब्द नाही अजून. डॉक्टर म्हणालेच होते, कान उघडले म्हणून बोली लगेच येत नसते, तिच्याशी खूप बोला. बोलतेय. घसा बसला. घरी आजीही बोलते म्हणे, शिव्याच जास्त. चालतील.

१२ सप्टेंबर
आज!! सरकारी सुकडी वाटत होते. अख्खं गाव विटलंय तिला, शेवंता मात्र निमूट खायची. आज वाटी ढकलली. "नको." लख्ख! मुद्दाम पुन्हा दिली. "नको!" अशी अवज्ञा रोज होवो.
रुक्मिणीला शेतातून बोलावलं. ऐकून हसतेय नि डोळे गळतायत. आजी म्हणाली, "माझ्या देवीनं केलं." करू दे. उद्या पाठवणार ना? "न पाठवायला काय झालं?"
एका शब्दावर पहिलीत जाता येत नाही. मागं पडलेलं भरून निघेल का, माहीत नाही.
खडीवरून आलेली बाकीची लेकरं उद्या उजेडात बसवून एकेकाचे कान बघणार. त्यातल्या किती जणांना आम्ही 'गुणी, गप बसणारी' म्हणत आलोय, कोण जाणे.