ह्यांच्या गाडीचा मागचा ब्रेक

मंगळवार, संध्याकाळ

ह्यांच्या माघारी त्यांची मोटारसायकल आता कोडोलीचा पुतण्या नेणार, म्हणून बापू मिस्त्रींना दाखवली. मागचं चाक मोकळं फिरेना.

"वैनी, ब्रेक धरून बसलाय. नट लई आवळलाय की!"

"कुणी?"

"साहेबांनीच. पायात जोर नसला की माणसं असं करत्यात. नुसता पाय टेकला तरी ब्रेक लागतोय."

पायात जोर नव्हता? मला कसं कळलं नाही?

"एकदम आवळला असेल का हो?"

"न्हाय. नट झिजलाय बघा. थोडा थोडा आवळत आणलाय."

थोडा थोडा. म्हणजे दवाखान्यात जाण्याच्या कितीतरी आधी ह्यांना कळलं होतं. पाना घेऊन खाली उतरले की मी गॅलरीतून चिडवायचे, "झाली का सवतीची सेवा?" तेही हसायचे. जिना चढायला इतका वेळ का लागतो, हे मात्र विचारलं नाही. न विचारणं म्हणजे सभ्यपणा, ही माझी कॉन्व्हेंटातली शिकवण.

"सैल करू न्हवं?" बापूंनी विचारलं.

पुतण्याचे पाय धडधाकट आहेत. करा म्हटलं.

ह्यांनी माझ्या नकळत थोडं थोडं आवळत आणलेलं दोन मिनिटांत सैल झालं.