माझ्या बोटाचे आकडे

१४ ऑक्टोबर, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. फोनवर आई शेजारी असते आणि मेसेज तू अर्धवट वाचतोस, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते आहे.

वहिनीला आठवा महिना लागला. गरोदरपणातली साखर निघाल्यापासून आई डोळ्यांत तेल घालून पहारा देते. खाऊच्या कपाटाला कुलूप. फिरायला जायचं तरी आई सोबत. तू फोनवरून रोज तीनदा साखरेचा आकडा विचारतोस. तो वाढला की आई म्हणते, चोरून काहीतरी खाल्लं असणार. तू म्हणतोस, जरा बाळाचा विचार कर. मग वहिनी दिवसभर दार ओढून बसते.

गेले तीन आठवडे आकडे सुरेख आले ना? ऑफिसात सगळ्यांना सांगितलंस म्हणे.

दादा, ते आकडे माझे आहेत.

साखर मोजायचं यंत्र मागचे आकडे लक्षात ठेवतं, त्यामुळे आकड्यांच्या वहीत नुसतं खोटं लिहून भागलं नसतं. तीन आठवड्यांपूर्वी एका सकाळी वहिनी बोटाला टोचायची सुई हातात धरून रडत होती. म्हणाली, "या घरात माझं रक्तसुद्धा माझं राहिलं नाही." मी बोट पुढे केलं. एकदाच म्हणून केलं आणि रोजचंच झालं.

आज तपासणीत बाळ महिन्यांच्या मानाने मोठं दिसलं. डॉक्टरबाई वही उलटसुलट करत राहिल्या. वहिनी वजन करायला गेली तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, पथ्य पाळूनही साखर वाढते का? वाढते म्हणाल्या. बाळाला पोसणाऱ्या वारेमुळे तसं होतं, त्यात बाईचा दोष नसतो. खाणं आणि चालणं पुरलं नाही तर इन्सुलिन देतात, ते बाळापर्यंत पोचत नाही.

ती एक घासही चोरून खात नव्हती रे. मी पाहिलंय.

मघाशी तिला सांगितलं, आता माझं बोट मिळणार नाही, उद्या सकाळी दोघी दवाखान्यात जाऊन खरं सांगू. मला भयंकर भीती वाटते आहे. ती भिंतीकडे तोंड करून बसली. तशीच म्हणाली, "मग तुझ्या दादाला तूच सांग."

उद्याचा आकडा मोठा असेल, दादा. त्यावर तुझं पहिलं वाक्य काय असेल, याची ती आत्तापासून वाट बघते आहे.

तुझीच, पण आता तिच्या बाजूची,
धाकटी