हाशिरने घातांक शिकवले का

बत्हा, रियाध
२ मार्च १९९१

तुझी तीन पत्रं आली आणि तिन्हींत एकच विचारणा: हाशिरने अदिबाला घातांक शिकवले का? सासूचे गुडघे कसे आहेत, इथे मिसाइलं पडतात ती कुठे पडतात, याची चौकशी नाही. घातांक! जशी काही तुझ्या लेकीच्या पेपरासाठीच लढाई अडली होती.

असो. रुमाना, तुला सलाम आणि बाळाला दुवा. मुलगा झाल्याची तुझ्या माहेरची तार पोचली. दोघं बरी आहात हे कळलं. लढाई परवा खलास झाली. विषारी वायूच्या भीतीने खिडक्यांना लावलेलं प्लास्टिक अजून तसंच आहे. काढायला हात जात नाही.

शाळा जानेवारीपासून बंद. घरी करायला कागद येतात. पोरगी चटईवर बसते आणि लिहिते. एकदा बघितलं, तर दोनच्या डोक्यावर चिमुकला पाच आणि पुढे उत्तर दहा. पुस्तकाच्या मागे बत्तीस.

"चुकलंय," म्हटलं.

"दादी, तुला मॅथ्स कुठे येतं?"

"मला नाही येत. पुस्तक छापणाऱ्याला तरी येत असेल ना?"

मग उरलेल्या प्लास्टिकचा तुकडा घेतला. एक घडी घातली, दोन पदर. दुसरी, चार. तिसरी, आठ. चौथीला सोळा. पाचवी बसेना, तिच्यावर गुडघा टेकवला. बत्तीस. तेव्हा मला कळलं की वरच्या आकड्याने गुणायचं नसतं. दोन किती वेळा मांडून आपसात गुणायचे, तेवढंच तो सांगतो. लिहायचाही बारीक, वर, कोपऱ्यात. तुझी लेक घाईत त्याला खाली उतरवते, मग त्याचे पंचवीस होतात. तीनदा खोडायला लावलं.

पुढे दोनवर शून्य आलं. तिने उत्तर शून्य लिहिलं. मी सगळ्या घड्या मोडून तुकडा पसरला.

"एकही घडी नाही. किती पदर?"

"एकच."

"मग एक लिही."

लिहिलं. म्हणाली, "अब्बांनी एका मिनिटात सांगितलं असतं." महिन्याभरात तिने बापाचं नाव पहिल्यांदा काढलं.

आता लिहिते. हाशिर गेला. तेवीस जानेवारीला, दम्मामच्या रस्त्यावर. लढाईमुळे दिवे बंद ठेवून ट्रेलर चालवत होता, उभ्या ट्रकवर आदळला. खालच्या गाळ्यातला शिंपी सिराजुद्दीन, आपला दापोलीचा, त्याला हाशिरच्या मालकाने, कफीलने, बोलावून नेलं. दफन तिकडेच झालं. मला तोंड बघायला मिळालं नाही. निरोप आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. सगळे निवडले, मग उठले.

तुझा आठवा सरत होता. बाळंतीण होईस्तोवर तुला कळवायचं नाही असं मी ठरवलं आणि सिराजुद्दीनचं तोंड बंद केलं. 'अब्बा मला रोज शिकवतात' असं पत्र तुला आलं ना, ते मीच अदिबाकडून लिहवून घेतलं. तिला सगळं ठाऊक होतं. काही न विचारता लिहिलं. तेव्हापासून ती माझ्याशी गणितापुरतंच बोलते.

नवरा गेल्यावर पोटुशी बाईने बसायची इद्दत बाळ झालं की संपते. तुझी संपली. नवऱ्यासाठी तू एक दिवस बसली नाहीस, बांगडी उतरवली नाहीस, कारण तुला ठाऊकच नव्हतं. ते तुझं होतं आणि मी घेतलं. माफी मागत नाही. पुन्हा वेळ आली तरी हेच करीन.

कफील म्हणतो, रमजानपर्यंत राहा, मग तिकिटं देतो. पण अदिबा यायला तयार नाही. काल म्हणाली, "मी खोटं लिहिलं. अम्मी माझ्याशी बोलणार नाही." माझ्या सांगण्याला आता तिच्यापाशी किंमत नाही.

सिराजुद्दीन मुंबईला चाललाय. हे पत्र तुझ्याच हातात देईल. उत्तर मला नको. मला जे सुनवायचं असेल ते समोर आल्यावर सुनव, मी ऐकून घेईन. भावाकडूनही लिहवून घेऊ नकोस. तू लिही, तुझ्या हाताने, अदिबाच्या नावावर, आणि सिराजुद्दीन परतायच्या आत त्याच्या हातात दे.

हाशिरची आई,
शरफुन्निसा