बर्फावरच्या पँटचं माप

बाई, मला शिवण तुम्ही शिकवलंत, म्हणून एका पँटबद्दल तुम्हालाच सांगायचं आहे. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली आणि असली पँट तुम्ही पाहिली असण्याची शक्यता नाही. मीसुद्धा मागच्या डिसेंबरपर्यंत पाहिली नव्हती. माझी मुलगी आता कॅनडात नोकरी करते. तिथे ऑफिस सुटल्यावर काही बायका मिळून बर्फावरची हॉकी खेळतात, निव्वळ हौसेसाठी. पायात पात्याचे बूट, हातात काठी आणि खाली दगडासारखा बर्फ. शहापुरात वाढलेली मुलगी, बर्फ म्हणजे हिला रसवंतीतली भुशातली लादी ठाऊक, आणि ती या खेळाच्या नादाला लागली. मला कळलं तेही उशिरा. एकदा फोनवर बघते तर उभ्यानं जेवत होती. दुसऱ्या दिवशीही उभ्यानं. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "पडले गं आई. माकडहाडाला लागलंय. बसता येत नाय." कुणाची तरी उसनी, आतला फोम बसून गेलेली पँट घालून उतरली होती. तीन आठवडे तिनं उभ्यानं काढले आणि मी इथे शिलाईच्या मशीनवर बसताना प्रत्येक वेळी तिची आठवण काढून बसत होते.

डिसेंबरात मुरबाडला माझ्या पुतणीचं लग्न होतं म्हणून ती आली. बॅग उघडली तर कपड्यांच्या वर ही भलीमोठी पँट. संघातल्या एका उंच बाईनं दिलेली, जुनी पण दणकट. "तिकडे कोणी बसवून देत नाय, नवीन घ्या म्हणतात. म्हटलं, घरात टेलर असताना कशाला?" असं म्हणून तिनं ती माझ्या मांडीवर टाकली. बाई, बसायच्या उशीला दोन पाय फुटावेत तसं ते प्रकरण. गुडघ्यापर्यंत लांब, बाहेरून जाड नायलॉन, आत मांडीला, कमरेच्या दोन्ही बाजूंना, पाठीमागे मूत्रपिंडावर आणि खाली माकडहाडावर फोमच्या कडक गाद्या. पुढे बुटासारखी नाडी. मुलीच्या कमरेला ती सैल होती आणि खाली गुडघा झाकून लोंबत होती. मला वाटलं, हीच खाली सरकणारी पँट घालून पळेल, अडखळेल आणि परत आपटेल. माझ्या डोळ्यांसमोर सारखं तेच येत होतं.

दोन दिवस लग्नाची गडबड सोडून मी त्या पँटला भिडले. मागची शिवण उसवून कंबर चार बोटं आत घेतली. पाय तीन बोटं आखूड केले. मागची गादी नव्या शिवणीत मावेना, म्हणून तिच्या दोन्ही कडा कापल्या, तुम्ही माझ्या लग्नात दिलेल्या कात्रीनं, आणि ती जरा वर सरकवून परत बसवली. सुई दोनदा मोडली. मुलीला आरशासमोर उभी केली तर पँट अशी बसली होती की जणू तिच्यासाठीच बनवलेली. लग्नासाठी आमच्याकडे उतरलेल्या बायका बघायला आल्या. जाऊबाई म्हणाल्या, "फॉरेनवाले पण असं शिवणार नाय." मी हसले. पँटची घडी घालून मीच ती तिच्या बॅगेत ठेवली.

ती परत गेली. महिन्याभरानं दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा सहज फोनवर बघत बसले की हौशी खेळाडूंनी ही पँट निवडायची कशी. एका व्हिडिओत एक माणूस दाखवत होता. पँट उभं राहून नाही, खेळताना वाकतात तसं गुडघे मोडून, पुढे झुकून घालून बघायची. वाकल्यावर ती वर सरकते. तेव्हाही तिचा खालचा काठ नडगीवर बांधतात त्या कडक ढालीवर दोन बोटं आला पाहिजे, नाहीतर मधे गुडघ्यावर उघडी पट्टी राहते आणि नेमकी तिथे काठी बसते. मागची गादी बरोबर माकडहाडावर हवी, बोटभरही वर नको. कमरेला सैल असेल तर नाडीनं आवळा, खांद्यावरून पट्टे लावा, पण गादीला हात लावू नका. बाई, मी फोन पालथा ठेवला. 

आणि मला मुरबाडची ती सकाळ आठवली. विहाराच्या मागची तुमची शिवणवर्गाची खोली, चार मशिनी, पत्र्याखालची ती उकाड्याची हवा. मी सतरा वर्षांची. गवत विकणाऱ्या एका बाईचा ब्लाउज मी शिवला होता, माझा पहिला. ती खोलीत घालून उभी राहते, छान बसलाय म्हणून सगळ्या माना हलवतात. दुसऱ्या दिवशी ती तोच ब्लाउज हातात घेऊन येते, दोन्ही काखेत फाटलेला. तुम्ही उठता. बाहेर जाता, तिचा गवताचा भारा ओढत आणता आणि म्हणता, "उचल." मी उचलते. हात वर जातात आणि माझ्याच ब्लाउजची काख ताणते. "कळलं?" तुम्ही म्हणता. "ती बाय काय दिवसभर फोटो काढायला उभी राहते? डोक्यावर भारा असतो तिच्या. हात वर करून माप घे गो, नाय तर मापच घेऊ नको." सगळ्या मुली बघत असतात. मी रडते, तुम्ही पाणी देता, आणि तोच ब्लाउज मला परत कापायला लावता. एवढं सगळं होऊन, तीस वर्षं हाच धंदा करून, मी माझ्या मुलीचं माप आरशासमोर सरळ उभं करून घेतलं होतं.

अकरा दिवस मी तिला काही सांगितलं नाही. रोज संध्याकाळी तिचा फोन आला की आधी बघायची, बसून बोलते की उभ्यानं. बसलेली दिसली की हायसं वाटायचं, मग लगेच वाटायचं, आज नाही, पण रविवारी मॅच आहे. दुकानात एका मुलीच्या ड्रेसच्या बाह्या उलट्या लावल्या. सापगावच्या एका बाईची मापं दोनदा घेतली आणि दोनदा वेगळी लिहिली. यांच्या नजरेतून सुटलं नाही. हे वाशिंदच्या कंपनीतून सुटून आले, चहा घेतला आणि म्हणाले, "काय झालंय ते बोल तरी." मी सगळं सांगितलं.

"मग पोरीला सांगून टाक गो. आमाला सांगून काय उपयोग?"

"काय सांगू? तुझ्या माकडहाडावरची गादी आईनंच कापून ठेवलीय?"

"हेच सांग," ते म्हणाले. "पडल्यावर सांगण्यापेक्षा बरं."

शनिवारी संध्याकाळी मी फोन लावला. तिकडे सकाळ होती, ती कॉफी करत होती. मी एका दमात सगळं सांगितलं, कंबर, पाय, कापलेल्या कडा, वर सरकवलेली गादी. उद्या ती घालू नकोस म्हणाले. तिनं कॉफी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "आई, मी ती घालतच नाय."

मला आधी कळलंच नाही.

"पहिल्याच प्रॅक्टिसला वाकले तर गुडघ्यावर गॅप पडला. आमच्या कोचबाईंनी मागून हात लावून बघितलं, म्हणाल्या ही घालून बर्फावर जायचं नाय. क्लबची एक मोठी आहे, ती पट्टे लावून घालते. तुझी कपाटात आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"लग्नात किती खूश होतीस तू. आणि सांगितलं असतं तर टेन्शन घेतलं असतंस."

मी तिला हसून म्हणाले, टेन्शन तर घेतलंच. तीही हसली. पुढच्या शनिवारी ती नवी पँट घ्यायला तिकडच्या खेळाच्या दुकानात गेली आणि मला फोनवर सोबत नेलं. दुकानातल्या मुलीकडून नडगीच्या ढाली मागून घेतल्या, मी तिला आधी त्या बांधायला लावल्या. मग एकेक पँट. "वाक," मी म्हणते. ती वाकते. "अजून. आता बस. आता एक पाय पुढे टाक. मागे हात लाव, गादी कुठे लागते?" पहिली मांडीला आवळत होती. दुसरीची गादी वर राहत होती, त्यावर तर माझा आवाजच चढला. तिसरी बायकांच्या अंगासाठी केलेली, कुल्ल्यांना सैल, कमरेला नाडीनं घट्ट होणारी, आणि पायाला एक चेन, ती उघडली की लांबी बोटभर वाढते. ती मला फार आवडली, तीच घेतली. दुकानातली मुलगी काहीतरी म्हणाली. मी विचारलं, काय म्हणते? "म्हणते, तुझी आई खेळते का?"

काल तिनं मॅचची चित्रफीत पाठवली. एका ठिकाणी ती मागच्या मागे माकडहाडावर आपटते, आवाज इथपर्यंत येतो.  ती उठते, काठी उचलते आणि परत पळत सुटते. पुढे काय झालं ते मी पाहिलंच नाही, तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावून ती उठते का ते बघत राहिले.

हे पत्र कुठे टाकणार मी. तुमच्या घरी आता तुमची सून राहते, ती वाचून घाबरेल. मशीनच्या खणात बॉबिनींखाली ठेवून देते. एक गोष्ट मात्र यांनाही सांगितलेली नाही, मुलीला तर नाहीच. ती "मी घालतच नाय" म्हणाली तेव्हा मला आधी वाईट वाटलं, की माझं शिवलेलं तिनं अंगाला लावलं नाही. ती सुखरूप आहे याचा आनंद त्याच्या नंतर झाला.