लाल जाकिटातला बाबा

१४ एप्रिल

जिझेलचा फोन! थेट मेलबर्नहून. तिची कंपनी डोंगरात घालायची जाकिटं बनवते. दोन वर्षांचं काम देते म्हणाली — चारही ऋतूंचे फोटो, महिन्याला ठरलेला पगार. म्हणजे लग्नांचे फोटो बंद! शाळेतल्या पोरांच्या रांगा बंद! नुसते डोंगर. मी ओट्याला टेकून उभीच राहिले.

मग म्हणाली, "तुझ्या सगळ्या फोटोंत कड्यावर एक पाठमोरा माणूस असतो ना, लाल जाकिटातला — तो कोण गं?"

"माझा बाबा."

खूप हसली. "गोड आहे! पण त्यांच्या जागी आम्हाला तरुण मुलगीच लागेल. या वयात विमा कोण उतरवणार त्यांचा?"

महिनाअखेरपर्यंत कळवायचंय.

१५ एप्रिल

बाबाला सांगितलं नाही. तो अंगणात लाल जाकीट वाळत घालत होता. "पानगळ आली, फॅगसच्या झाडांची पानं पिवळी व्हायला लागली असतील ना, टॅम? कधी निघायचं?"

१९ एप्रिल

पठारावर गेलो. फॅगस ऐन रंगात — अख्खा उतार सोनेरी नि तांबडा! बेकरी विकली तरी बाबाची पहाटे उठायची खोड जात नाही. अँझॅक बिस्किटं भाजून आणली होती. एका करावाँग पक्ष्याने चोचीने बॅगेची चेन उघडली आणि अर्धी पळवली. "मेल्या, सांगितलं असतंस तर दिली असती की!" बाबा त्याच्यामागे ओरडत होता. मी हसून हसून बेजार.

मग कड्यावर गेला. जाताना नेहमीचंच — "झालं की हाक मार." हात खिशात, मान ताठ. असा उभा राहणारा माणूस पैसे देऊनही मिळायचा नाही. दिवसभर उभा कर, तक्रार नाही.

वारा वाढला. मी ओरडले, "झालं बाबा, मागे ये!" हलला नाही. पुन्हा ओरडले. तरी नाही! धावत जाऊन जाकिटाला धरलं तर केवढा दचकला! कान गेलेत त्याचे, दुसरं काय?

उतरताना विचारलं, "कड्याखालच्या तळ्याचा रंग बघितलास आज?"

"मस्त होता."

"कुठला?"

"मस्तच."

असाच आहे तो. मोजकं बोलणारा.

२१ एप्रिल

"कान तपासून घेऊ या का?"

"कान ठणठणीत आहेत. भिंतीपलीकडे तू उसासे टाकतेस तेही ऐकू येतात. काय झालंय?"

काही नाही म्हटलं.

जिझेलचं खोटं नाही. परवा जाकीट हाताला लागलं. पुढच्या वेळी नाही लागलं तर? पण सांगू कशी? आई गेली त्या वर्षी मी कॅमेरा घेऊन डोंगरात जायला लागले. "मी रिकामाच आहे, येतो," म्हणाला आणि तेव्हापासून येतोय. या डोंगरांनीच सावरलं त्याला.

आणि त्यात आज लॉन्सेस्टनच्या एका बाईंचं पत्र. 'तुमच्या फोटोतला माणूस किती शांतपणे समोर बघत उभा असतो! आजारपणात मला त्यानेच धीर दिला.' बाबाला वाचून दाखवलं. तो लालबुंद झाला आणि भांडी घासायला उठून गेला.

२४ एप्रिल

ठरलं. नाही म्हणून कळवायचं. लग्नं घेईन, शाळा घेईन. बाबाला कड्यापासून लांब उभं करीन — खाली, झाडांमध्ये. फोटो नाही तितके चांगले येणार, नाही तर नाही! त्याचे डोंगर त्याच्याकडून काढून घेऊन मला कसलं करिअर करायचंय? लिहिताना रडू येतंय. किती जीव आहे माझा त्याच्यावर!

२६ एप्रिल

सकाळी चहाला सगळं सांगून टाकलं — काम, अट, आणि आज नकार कळवणार तेही.

बाबाने कप खाली ठेवला. "वेड लागलंय का तुला? आधी हो म्हणून कळव. आत्ता!"

"अरे, पण तुझे डोंगर —"

"कसले माझे डोंगर! शिडीवर चढून दिवा बदलता येत नाही मला. कड्यावर उभा राहिलो की डोळे गच्च मिटून घ्यायचो, टॅम. एकदाही उघडले नाहीत. त्या दिवशी हाक ऐकू आली होती गं, पण पायच हलेनात."

"मग यायचास कशाला?"

"तू एकटी गेली असतीस ना."

मी आत जाऊन सगळ्यात मोठा फोटो आणला. आजवर तो लांबूनच 'छान' म्हणायचा. आज चष्मा लावला, फोटो जवळ ओढला आणि कितीतरी वेळ बघत राहिला.

"बाप रे! एवढं खोल होतं?"