किनाऱ्याकिनाऱ्याने

प्रिय ताई,

रोज फोनवर तू विचारतेस, ठरली का गं तुमची जहाजाची सफर, आणि मी रोज काहीतरी थातुरमातुर सांगून विषय बदलते. काल ठरली. म्हणून सगळं सविस्तर लिहायला बसले आहे. फोनवर बोलताना हे शेजारीच असतात, आणि कागदावर मला कोणी मध्येच तोडत नाही, तूसुद्धा.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला जहाजाने बेटांवर जायचं, हे आमचं फार जुनं बोलणं. आमचं लग्न ठरलं तेव्हा तू किती हसली होतीस! पोहायला शिकवणारी बायको आणि पाण्याला घाबरणारा नवरा. मी तलावात पोरांना हातपाय मारायला शिकवायचे आणि हे काठावरच्या बाकावर माझा टॉवेल मांडीवर घेऊन, बूटसुद्धा न काढता बसायचे. तेव्हाच एकदा हे कबूल करून बसले की पंचविसाव्या वर्षी मी पाण्यात उतरेन. बसडेपोत गाड्यांची वेळापत्रकं आखणारा माणूस. त्यांना वाटलं असणार, ही गाडी यायला अजून पुष्कळ अवकाश आहे.

मी माझं बेट केव्हाच निवडून ठेवलं होतं. अंगठीसारखं गोल, आणि मधोमध निळं, उथळ पाणी. लांबवर चालत गेलं तरी कमरेच्या वर येत नाही म्हणे. तिथे मी ह्यांना पाठीवर तरंगायला शिकवणार होते. पण तिथे जाणारं जहाज किनारा सोडून भर समुद्रातून जातं, कित्येक दिवस चहूकडे नुसतं पाणी. माझं ऑपरेशन होऊन मी घरी आले आणि हेच म्हणाले, चल, आता बुकिंग करून टाकू. मी तर उशी बाजूला टाकून उठूनच बसले. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन सफरींची माहितीपत्रकं पसरून आमचं भांडण जुंपलं. ह्यांना माझं बेट नको होतं. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी सफर हवी होती, जवळची बेटं आणि रोज एक मोठं बंदर. मी म्हटलं, "अहो, बंदरात बघायचं काय? क्रेन?" तर म्हणतात, "क्रेन बघण्यासारख्या असतात." आता काय बोलशील! मी अबोला धरला. तेवढ्यात ह्यांनी दुसरी टूम काढली. वाढदिवसाला अजून बरेच महिने आहेत, पण आपण येत्या महिन्यातच जाऊ. वाढदिवस काय, कधीही साजरा करता येतो.

इथे मी पहिल्यांदा चपापले. हे वाक्य ह्यांच्या तोंडचं नव्हे. माझ्या वाढदिवसाचा केक कोणी आदल्या दिवशी आणला, तर हे तो फ्रिजमध्ये ठेवून दारात पहारा देतील. तारीख म्हणजे तारीख. पंचवीस वर्षांत ह्यांनी कुठली गोष्ट वेळेआधी केलेली मला आठवत नाही.

मग बुकिंग ऑफिसमधल्या मुलीचा फोन आला. हे आंघोळीला गेले होते, म्हणून मी उचलला. गोड आवाजाची पोर, तिला बिचारीला काय ठाऊक. म्हणाली, "सरांना सांगा, जहाजावरच्या दवाखान्याला लागून असलेली केबिन मिळतेय. आणि त्यांनी विचारलं होतं ना, तर प्रत्येक बंदरात मोठं हॉस्पिटल आहे, मी स्वतः खात्री करून घेतलीय." मग जरा थांबून मायेने विचारलं, "पेशंट तुमच्या आजी आहेत का?" मी म्हटलं, "हो. आजीच."

फोन ठेवला आणि सगळं आपोआप जुळत गेलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी एकदा ह्यांना एकट्याला आत बोलावलं होतं. बाहेर येऊन हे म्हणाले, काही नाही, फक्त अशक्तपणा आहे, आणि नळाशी जाऊन किती तरी वेळ तोंड धूत राहिले. आणि ताई, तू. जिने जन्मभर मला रागवायलाच फोन केला, ती तू मला विनोद सांगायला लागलीस. तेही तुला सांगता येत नाहीत. ह्यांनी तुला सांगितलंय, हे मला त्याच क्षणी कळलं. मी रागावले नाही. म्हणजे, थोडी रागावले.

हे डोकं पुसत बाहेर आले. कोणाचा फोन म्हणून विचारलं. मी राँग नंबर म्हणाले आणि चहाचं आधण ठेवलं. धुतलेलाच कप पुन्हा धुतला, कारण हातांना काहीतरी काम द्यायला हवं होतं.

त्यानंतर एका संध्याकाळी हे डेपोतून आले ते बूट न काढताच माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "तुझंच बेट. मी ठरवलं. आणि मी पाण्यात उतरणार." चेहरा पांढराफटक. मला जपायचं की माझं मन राखायचं, या ओढाताणीत त्यांनी इतके दिवस काढले होते आणि शेवटी माझं मन राखलं होतं. खोटं कशाला सांगू, मला हाव सुटली. वाटलं, जे व्हायचं ते तिथे, त्या निळ्या पाण्यात होऊ दे. मी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या.

म्हटलं, मग आधी इथे सराव करू. तलावाच्या व्यवस्थापक बाईंनी आमच्यासाठी दुपारचा तलाव रिकामा ठेवला. हे कोऱ्या करकरीत पोहण्याच्या चड्डीत, हाताची घडी छातीशी आवळून आले, लस टोचायला आणलेल्या पोरासारखे. मला हसू आवरेना. पायऱ्या मात्र उतरले. कमरेइतक्या पाण्यात मी त्यांच्या पाठीखाली हात घातले आणि म्हटलं, मान सैल सोडा, वर बघा. एक क्षण पाय खरंच वर आले, ताई. आणि माझे हात खचले. पूर्वीची ताकद आता कुठे राहिली आहे? तसे हे मला बिलगले, बुडणारा माणूस धरतो तसे. उभं राहिलं असतं तर पाणी कमरेला होतं, पण उभं राहायचंच सुचेना. मी सांगत होते, "पाय टेका, अहो, खाली जमीन आहे," आणि हे माझ्या खांद्यात तोंड खुपसून नुसतं "नको, नको" म्हणत होते. काय नको, ते मी विचारलं नाही. दंडावर त्यांच्या बोटांचे वळ अजून आहेत.

परतताना बसमध्ये मी ह्यांच्याकडे बघत होते. भर समुद्रात मला काही झालं, तर मी सुटेन. पण हे? चहूकडे पाणी, चार हातांची केबिन, ओळखीचं एक माणूस नाही आणि किनारा कित्येक दिवस लांब. ज्याला कमरेइतक्या पाण्यात जमीन सापडली नाही, तो तिथे काय धरून उभा राहील?

म्हणून काल सकाळी सांगून टाकलं, मला ते लांबचं बेट नको. मला लाटांचा त्रास होईल, शिवाय बंदरातले बाजार बघायचेत. जन्मभर पाण्यात काढलेली बाई म्हणते, लाटांचा त्रास होईल! हे माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं असेल का गं? "बरं" म्हणाले, आणि गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालायला लागले.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते सांगते. मला सगळं माहीत आहे, हे ह्यांना कळू देऊ नकोस. माझ्यापासून लपवण्यात त्यांचा दिवस जातो, ते काम त्यांच्याकडून काढून घेतलं तर त्यांच्या हाती काहीच उरणार नाही. मला मात्र आता विनोद सांगू नकोस, हवं तर पूर्वीसारखी रागव. आणि आम्ही निघालो की तुझी एक बॅग भरून दाराशी ठेव. या मार्गावर रोज एक बंदर आहे, आणि प्रत्येक बंदरात तुला येऊन पोहोचता येईल, मी नीट बघून घेतलंय. ह्यांचा फोन आला तर फोनवर रडत बसू नकोस, निघ. ते म्हणतील, मी करतो सगळं, तू येऊ नकोस. ऐकू नकोस. त्यांच्याबरोबर इथे घरी ये, आणि किल्ली त्यांच्याकडून मागून घे. आमच्या घरात तिसरं कोणी नाही, हे तुला माहीत आहे. कुलूप तू काढ. आधी तू आत जा, खिडक्या उघड, गॅसवर काहीतरी ठेव, आणि मग आतून त्यांना हाक मार.

तुझीच,
धाकटी